रजिस्टरातली हिरवी टिकली

सारिकाला मुलगी होऊन वीस मिनिटं झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. वार पडली होती, प्राजक्ता सिस्टरनं इंजेक्शन दिलं होतं, सलाईन चालू होतं, आणि ती दोन्ही हातांनी सारिकाचं पोट चोळत होती. मी पायाशी कपडे बदलत होते. चौथा कपडा उचलला तेव्हा तो पहिल्यापेक्षा जड लागला. ते वजन हाताला ओळखीचं होतं. फार वेळा लागलं नव्हतं, पण लागलं होतं.

फोन खिडकीत ठेवला होता, कारण आमच्या उपकेंद्रात तेवढ्याच जागी रेंज येते. तिकडून तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई बोलत होत्या.

"गाडी निघालीय. इकडंच आणा, मी रक्त तयार ठेवते. गट कोणता?"

सिस्टरचे हात गुंतलेले. तिनं मानेनं टॅबकडं खुणावलं. मी हात पुसला आणि टॅब तिच्या तोंडासमोर धरला.

"ओ पॉझिटिव्ह," तिनं वाचून सांगितलं.

"आहे माझ्याकडं. या लवकर."

सारिकाच्या नावापुढं एक टिकली होती. टॅबमध्ये नाही, जुन्या रजिस्टरात. आणि ती मीच, माझ्या नखानं, दोन महिन्यांपूर्वी काढून टाकली होती. लाल होती की हिरवी, ते मला त्या क्षणी आठवेना.

त्याला आता काही वर्षं झाली. परवा कारखान्याचा भोंगा पुन्हा वाजला. हंगाम सुरू झाला. उपकेंद्राची किल्ली आता दुसऱ्या बाईकडं गेली आहे, मी घरी बसून असते, पण भोंगा ऐकला की अंगाला अजून कळतं. रस्त्यानं उसाच्या जोड ट्रॉल्या ओळीनं सुरू होतात. प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं. चार गाणी एकदम कानावर आली की त्यातलं एकही धड ऐकू येत नाही. दुपारी कुठंतरी फडातलं पाचट पेटवतात आणि काजळी उडत येते. मी उपकेंद्राच्या पांढऱ्या चादरी वाळत घालायची आणि तासाभरानं बघावं तर त्यांच्यावर काळ्या पाकळ्या. त्या झटकायच्या नसतात, डाग पसरतो. ओठ जवळ नेऊन फुंकायच्या. चार महिने मी चादरी फुंकत असायची. लांबून आलेली माणसं म्हणतात, काय गोड वास सुटलाय हो तुमच्याकडं. मळीचा वास दोन दिवस गोड असतो. मग तो डोक्यात बसतो आणि शिमग्यापर्यंत उतरत नाही.

तरी भोंगा वाजला की मला बरं वाटतं, हे कबूल करायला हरकत नाही. हंगामात उपकेंद्र भरलेलं असायचं. माळावर ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडायच्या, त्यातल्या बायका पोटुश्या, लेकुरवाळ्या, उन्हानं काळ्या पडलेल्या, दारात येऊन बसायच्या. गावच्या बायका त्यांच्यापासून हातभर लांब बसायच्या. मी दोन्हींच्या मधे बसायची.

मी शेवंता, तिथं परिचर होते. सरकारी कागदावर अंशकालीन, म्हणजे अर्ध्या वेळाची. अर्धा वेळ नेमका कुठला ते मला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी पूर्ण केला. शिक्षण चौथीपर्यंत. मराठी वाचते, सावकाश. इंग्रजी अक्षरं ओळखीची वाटतात, पण ती माझ्याशी बोलत नाहीत.

आधी आमच्याकडं कुसुम सिस्टर होत्या. एकोणीस वर्षं आम्ही दोघींनी ते उपकेंद्र चालवलं. त्या रजिस्टरात इंग्रजीत लिहायच्या, बारीक, मुंग्यांची रांग चालल्यासारखं. त्या फिरतीवर गेल्या की बाई दारात यायची आणि मला कळायचं नाही की ही साधी आहे की जोखमीची. एकदा एका बाईचं रक्त फार कमी होतं, आणि मी तिला पाणी पाजून, पंख्याखाली बसवून घरी पाठवलं. संध्याकाळी सिस्टर आल्या आणि माझ्यावर कडाडल्या. दुसऱ्या दिवशी मी कपाळावरची टिकली काढली आणि रजिस्टरात त्या बाईच्या ओळीवर चिकटवली.

"मावशी, हे सरकारी रजिस्टर आहे. तुमच्या घरचा आरसा नव्हे."

"असू दे की. मला दिसाय नगो?"

चार दिवसांनी त्या जोतिबाला गेल्या होत्या, येताना गुलालासोबत टिकल्यांची दोन पाकिटं घेऊन आल्या. एक लाल, एक हिरवं. लाल म्हणजे रक्त कमी. हिरवी म्हणजे रक्ताचा गट निगेटिव्ह. असलं रक्त थोड्यांचं असतं आणि ते तालुक्यात मिळत नाही. हिरव्या टिकलीच्या बाईला दिवस भरत आले की आधीच कोल्हापूरला धाडायची, इथं ठेवायची नाही, हे मला पाठ झालं.

पुढं पुढं आम्हा दोघींना त्याची इतकी सवय झाली की सिस्टर गटाच्या रकान्यात नुसतं 'ओ' लिहायच्या. निगेटिव्हची रेघ मारायच्याच नाहीत. टिकली असताना परत लिहायचं कशाला? टिकलीचा अर्थ मात्र आम्ही कुठंच लिहून ठेवला नाही. लिहायचा कुणासाठी? वाचणाऱ्या आम्ही दोघीच.

त्या दिवाळीला कुसुम सिस्टर निवृत्त झाल्या. त्यांना निरोपाला साडी दिली, ती त्यांच्या बहिणीला आवडली म्हणून तिनं नेली असं नंतर कळलं. त्यांच्या जागी प्राजक्ता आली. चोवीस-पंचवीसची, सांगलीकडची, केस घट्ट बांधलेले. तिच्या मागोमाग टॅब आला. पाटीएवढा, काळा, रबरी कव्हरातला. आता रजिस्टर बंद, सगळं ह्याच्यात, असा हुकूम होता. प्रत्यक्षात रजिस्टरही चालू राहिलं, कारण बंद करायचा कागद कुणी दिला नाही. प्राजक्ता एकच गोष्ट आधी वहीत लिहायची, मग टॅबमध्ये भरायची, मग भरलेल्याचा फोटो काढून वरच्यांना पाठवायची. मग त्यांचा फोन यायचा, फोटो दिसत नाही, परत पाठवा.

त्या यंत्राच्या पहिल्या महिन्यावर मी हसावं की रडावं? हजेरीला अंगठा लावायचा होता. माझा अंगठा त्याला पटेना. एवढी वर्षं फिनेल आणि ब्लिचिंगमध्ये हात घालून माझ्या बोटांवरच्या रेघा पुसल्या गेल्या होत्या. प्राजक्तानं बोट धुतलं, पुसलं, तेल लावलं, स्वतः दाबून धरलं. काही नाही. दार उघडणारी मी, झाडणारी मी, आणि मशीनच्या हिशेबी मी आलेच नव्हते. ऊसतोडीच्या बायकांचंही तेच. कोयता धरून धरून त्यांचे अंगठे गुळगुळीत झालेले. एक बीडची बाई म्हणाली, "मला नव्हं, त्येलाच डोळे न्हाईत." मला ती फार आवडली.

नोंद करायला फोनवर नंबर यायचा, तो सांगितल्याशिवाय टॅब पुढं जायचा नाही. बायकांकडं कुठला फोन? फोन नवऱ्याचा, नवरा फडात. बाई इथून त्याला फोन लावायला सांगायची, मग हा ओरडायचा, ती ओरडायची.

"अवं, काय आलंय बघा की!"

"चार सात..."

"फुडं?"

"फुडं मिटलं. ऊन लागतंय मोबाइलवर."

पदर डोक्यावर घ्या म्हणजे दिसेल, असं मी एकीच्या नवऱ्याला फोनवरून सांगितलं होतं. तो रागावला होता.

पण मी त्या टॅबला नावं ठेवणार नाही. त्यानं चांगलंही केलं. ती बीडची बाई आली तेव्हा प्राजक्तानं तिचं नाव घातलं आणि तिकडं गावाकडं झालेली तिची सगळी तपासणी इथं दिसली. सुया, गोळ्या, वजन, सगळं. एकोणीस वर्षं आम्ही असल्या बायकांना विचारत आलो, सुई घेतलीस का गं, आणि त्या म्हणायच्या, घेतली असंल. पहिल्यांदाच त्यांची गोष्ट त्यांच्या आधी येऊन दारात बसली होती. त्या दिवशी मी टॅबचं कव्हर ओल्या फडक्यानं पुसलं. नंतर रोजच पुसायला लागले.

तो आठवणही करायचा. अमकीची तारीख आली, तमकीची लस राहिली. टुण् करून वाजायचा. मग मीही लक्षात ठेवणं सोडून दिलं. त्याला माहीत आहे ना, मग मी कशाला डोक्यात ठेवू? माणूस आळशी व्हायला वर्षं लागत नाहीत, दोन महिने पुरतात.

आता टिकल्यांचं. गेल्या वर्षभराची रजिस्टरं टॅबमध्ये भरायला तालुक्याहून एक ऑपरेटर बाई न्यायला येणार होती. आदल्या दिवशी मी ती खाली काढली आणि मला लाज वाटली. पानापानावर टिकल्या. कुठं लाल, कुठं हिरवी, कुठं अर्धी सुटलेली. तालुक्याची शिकलेली माणसं काय म्हणतील? खेडवळ बायकांनी दवाखान्याचं देवघर केलंय म्हणतील. मी पायरीवर बसले आणि एकेक टिकली नखानं काढली. डिंकाचे गोल डाग ओल्या बोटानं पुसले. प्राजक्ता तेव्हा लसीचा डबा घेऊन वाड्यावस्त्यांवर गेली होती. तिनं ते रजिस्टर टिकल्यांसकट कधी नीट पाहिलंच नव्हतं.

ऑपरेटर बाईनं पुढं काय केलं असेल ते मला आता कळतं. सारिकाच्या ओळीत गटापुढं नुसतं 'ओ'. टॅब विचारतो पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, आणि रिकामं सोडलं तर पुढचं पान उघडत नाही. तिच्यापुढं वीस गावांचे ढीग. बहुतेकांचं पॉझिटिव्हच असतं. तिनं पॉझिटिव्ह दाबलं असेल आणि पुढं गेली असेल. मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मीही तेच केलं असतं, आणि तिच्यापेक्षा सावकाश.

सारिका म्हणजे आमच्या हौसाक्काची सून. हौसाक्का माझ्याच वयाची, सहा म्हशी, तोंड तिखट, हात सढळ. सून नेसरीकडची, आई लहानपणीच गेलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण माहेरी करणार कोण? हौसाक्का म्हणाली, मी करती. आणि तिनं केलंही. सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध, वर अंडं, वर शिव्या. "खा गं, पोराला काय वारा घालणार हाईस?" सारिका हसायची. ती फार हसायची. तिला अजून चार दिवस होते, पण त्या दिवशी सकाळी म्हशीला वैरण टाकताना कळा सुरू झाल्या आणि हौसाक्का तिला जवळचं म्हणून आमच्याकडं घेऊन आली.

तपासणीचं कार्ड सोबत नव्हतं, आणि गट दोघींपैकी कुणालाच पाठ नव्हता. कसल्याशा योजनेसाठी त्याची झेरॉक्स हवी होती. कार्ड नवऱ्याच्या खिशात, नवरा ट्रॅक्टरवर, ट्रॅक्टर कारखान्याच्या रांगेत, आणि गाणं एवढं मोठं की फोन वाजलेला त्याला कळेना. प्राजक्तानं टॅब उघडून बघितलं. सारिकाच्या नावावर धोक्याची कसलीच खूण नव्हती. तरी तिनं गाडीला फोन लावला होता. पण मूल गाडीची वाट बघत थांबत नाही. बाराच्या सुमाराला मुलगी झाली, चांगली रडली, आणि मग हे.

तर त्या खोलीत मी टॅब हातात धरून उभी होते आणि मला रंग आठवत नव्हता. लाल असेल तर काही बिघडत नाही, तालुक्याला जाऊ दे, वीस मिनिटांत रक्त चढेल. हिरवी असेल तर तालुक्यात तिच्या कामाचं रक्तच नाही. तिथं पोचून, तपासून, मग कोल्हापूरला न्यायचं म्हणजे तेवढ्यात ती संपेल. आणि हिरवी म्हणून थेट कोल्हापूरला नेली आणि नसली हिरवी, तर जवळचं रक्त सोडून मी तिला तासाभराच्या रस्त्यावर घालणार. तालुक्याहून परत आलेलं रजिस्टर माळ्यावर पोत्यात, आणि त्यात आता टिकली नाही.

मग मला आरसा आठवला.

बाई कधी टिकली फेकत नाही. कपाळावरची निघाली की आरशाला, न्हाणीच्या भिंतीला, कपाटाच्या दाराला चिकटवते. मीही रजिस्टरातल्या काढल्या त्या फेकल्या नव्हत्या. बाहेरच्या खोलीत हात धुवायच्या जागेवर आरसा आहे, त्याच्या कडेनं सगळ्या लावत गेले होते. मी टॅब खिडकीत टेकवला आणि बाहेर गेले. दारात हौसाक्का मुलीला पदरात घेऊन उभी होती. ती काही विचारायच्या आत मी आरशापाशी पोचले होते.

लाल पुष्कळ. हिरव्या तीन. दोन साध्या, पाकिटातल्या. तिसरीच्या मधे पांढरा खडा.

खड्याची टिकली आम्ही कधी विकत आणली नाही. ती कपाळावरची होती. सारिका पहिल्यांदा नाव घालायला आली तेव्हा हिरवं पाकीट संपलं होतं. कुसुम सिस्टर म्हणाल्या, मावशी, हिरवी द्या एक. मी म्हणाले, संपली. आणि ह्या पोरीनं हसत हसत स्वतःच्या कपाळावरची काढली, "घ्या की माझीच," म्हणाली, आणि स्वतःच्या नावावर स्वतः दाबून बसवली. सगळं डोळ्यांपुढं आलं. तिच्या हिरव्या बांगड्यासुद्धा.

मी आत गेले. "सिस्टर, निगेटिव्ह हाय ती."

प्राजक्तानं मान वर केली. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते. "मावशी, टॅबवर पॉझिटिव्ह आहे."

"टॅबला म्हाईत न्हाय. मला म्हाईत हाय."

"नक्की? चुकलात तर..."

"चुकले तर ती जाईल, ते मला कळतंय. नक्की हाय."

हौसाक्का दारातून म्हणाली, "काय चाललंय तुमचं? काय झालंय माझ्या पोरीला?"

मी तिला दोन वाक्यांत सांगितलं. कुठं न्यायचं ते ठरवायचंय. टॅब म्हणतो जवळ, मी म्हणते कोल्हापूर. तिनं माझ्याकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. "ह्या डबड्याला मी वळखत न्हाय," म्हणाली. "तुला वळखते. कोल्हापूर."

फोन अजून चालूच होता. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या आधी चिडल्या, "अहो, नोंद एक आणि मावशी एक, मी काय समजायचं?" मग म्हणाल्या, "माझ्याकडं निगेटिव्ह एकही पिशवी नाही. कोल्हापुरात तरी आहे का बघा."

ते बघितलं त्याच टॅबवर. प्राजक्तानं सांगितलं तिथं मी बोट लावलं, आणि मधोमध ते चाक फिरायला लागलं. रेंज खिडकीत, म्हणून मी टॅब गजाला टेकवून धरला. चाक फिरतंय. कपडा जड होतोय. चाक फिरतंय. मी एवढ्या वर्षांत कुठल्या देवापुढं एवढी स्थिर उभी राहिले नाही. मग पान उघडलं. इंग्रजी होतं, मला काही कळलं नाही, मी प्राजक्ताकडं वळवलं.

"दोन पिशव्या आहेत," ती म्हणाली. "मावशी, दोन आहेत."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "राखून ठेवायला सांगते. निघा."

गाडी आली. तिच्यातल्या डॉक्टरनं दुसऱ्या हातात आणखी एक सलाईन लावलं. प्राजक्ता पोटावर हात ठेवून बसली, मी पायाशी, हौसाक्का मुलीला घेऊन कोपऱ्यात. सारिकाचे ओठ पांढरे पडले होते. ती मधेच म्हणाली, "मावशी, थंडी वाजतीया." दुपारचा एक वाजला होता, बाहेर ऊन तावत होतं. मी माझ्या लुगड्याचा पदर तिच्या पायांवर ओढून धरला.

हंगामातला रस्ता म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. पुढं ट्रॉली, मागं ट्रॉली, बाजूला भरलेली बैलगाडी. गाडीचा भोंगा गाण्यांत बुडून गेला. ड्रायव्हरनं काच खाली करून ओरडायला सुरुवात केली. पहिल्या ट्रॅक्टरवाल्यानं मागं बघितलं, गाणं बंद केलं आणि ट्रॉली थेट चरीत घातली. अर्धा ऊस कलंडला. मग पुढच्यानं गाणं बंद केलं. मग त्याच्या पुढच्यानं. एकामागोमाग एक गाणी बंद होत गेली. हंगामात तो रस्ता तसा गप्प झालेला मी एकदाच ऐकलाय. कारखान्याच्या फाट्यावर तर रांगच्या रांग बाजूला झाली. त्या रांगेत सारिकाचा नवराही होता. त्यानंही ट्रॅक्टर बाजूला घेतला, आणि गाडी गेल्यावर शेजारच्याला म्हणाला, कुणाची बाई असंल बिचारी. हे त्यानंच आम्हाला नंतर सांगितलं, आणि सांगताना त्याला पुढचं बोलता येईना.

कोल्हापुरात आत नेलं, रक्त तपासलं. ओ निगेटिव्ह. प्राजक्ता बाहेर येऊन मला म्हणाली, "बरोबर होतं मावशी," आणि भिंतीला टेकून खाली बसली. तिनं सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं. मी तिला कँटीनमधला चहा आणून दिला, तो तिनं अर्धा सांडला. तोवर निरोप मिळून नवरा कार्ड घेऊन पोचला. घामानं भिजलेलं, चार घड्यांचं. ते त्यानं जिन्यातल्या वॉचमनलासुद्धा दाखवलं.

रक्त चढलं, पण गर्भपिशवी आवळेना. शेवटी गर्भाशय काढावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाक्का आणि मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो. तिनं घरून आलेली भाकरी सोडली होती. लोक तिला सांगत होते, शेवंतामुळं वाचली हो तुमची सून. मला ते खाली उतरेना. मी तिला खरं सांगितलं. टिकली होती. मी काढली. राहिली असती तर टॅबमध्ये बरोबर भरलं असतं, आठ दिवस आधीच तिला इथं आणून ठेवली असती, सगळं सोबत असतं, कदाचित पिशवीही राहिली असती.

तिनं घास खाली ठेवला. "मग काढलीस कशाला?"

"लाज वाटली."

"कुणाची?"

"तालुक्याच्या लोकांची."

तिनं भाकरी परत फडक्यात बांधली. मग म्हणाली, "लाजायला आपण काय कुणाचं चोरलंतं व्हय गं?" आणि उठून आत गेली.

पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. सोळाव्या दिवशी बारशाचं बोलावणं घेऊन आली, आणि दारातूनच म्हणाली, "घुगऱ्या भिजवायला घाल, आमच्याकडं पातेलं पुरत न्हाय." मी घातल्या.

प्राजक्तानं टॅबवरची चूक दुरुस्त करायला घेतली. तर एकदा भरलेला गट इथून बदलता येत नव्हता. तालुक्याची परवानगी, मग जिल्ह्याची. सारिका घरी आली, टाके निघाले, मुलगी मान धरायला लागली, तरी टॅबच्या हिशेबी ती पॉझिटिव्हच होती. अजूनही तिच्या नवऱ्याच्या फोनवर अधूनमधून निरोप येतो, पाळणा लांबवायच्या साधनांची माहिती हवी आहे का? सारिका म्हणते, "लांबलाय म्हणावं, पार गोव्यापतूर लांबलाय." ती अजून हसते. तिचं हसणं ऐकलं की मी दुसरीकडं बघते.

त्या हंगामातल्या उरलेल्या दुपारी प्राजक्तानं मला समोर बसवून घेतलं. "मावशी, तुमच्या डोक्यात अजून काय काय आहे ते सगळं सांगा." मी सांगत गेले. कुणाचा नंबर खरा कुणाचा आहे. कुणाला ऐकू येत नाही आणि ती मान हलवते म्हणून सगळ्यांना वाटतं तिला कळलं. कुणाचा दादला गोळ्या फेकून देतो. कुठली बाई दोन घरांत मोजलीय, पण आहे एकच. ती टॅबमध्ये भरत होती. शेऱ्याच्या चौकोनात थोडीच अक्षरं मावतात, मधेच तो थांबायचा. मग तिनं वही काढली. पहिल्या पानावर मराठीत, मोठ्या अक्षरात, टिकल्यांचा अर्थ लिहिला आणि खाली मला सही करायला लावली. माझ्या अंगठ्याला ओळख नव्हती, सहीला होती.

सारिकाची मुलगी आता अंगणवाडीत जाते. काल ट्रॉलीमागं धावून तिनं ऊस ओढला आणि गुडघा फोडून घेतला. हौसाक्का तिला शिव्या देत माझ्याकडं घेऊन आली, हळद लाव म्हणून. सारिका मागून वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन आली. लोक अजून म्हणतात, मावशींनी वाचवली. काही म्हणतात टॅबनं घोटाळा केला, काही म्हणतात टॅबनं रक्त शोधलं. मला त्यातलं काहीच पुरं वाटत नाही. एका बाईचं गर्भाशय गेलं, त्यात माझं नख आहे. त्या दुपारी सारिका जगली आणि तिची मुलगी जगली.